कुलूप भक्कम, पण कोयंड्याचं काय?

पत्र: आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतो. इमारत १९९१ ची, तीन मजली, बारा फ्लॅट. लिफ्ट नाही, वॉचमन नाही. आम्ही दोघंच, दुसऱ्या मजल्यावर. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीत भरदुपारी दोन फ्लॅट फुटले. त्यातल्या एका घराचं सात लिव्हरचं कुलूप जसंच्या तसं कडीला लटकत होतं, कोयंडा मात्र दारातून निघालेला. तेव्हापासून भाजी आणायला खाली उतरले तरी जीव घरात अडकलेला असतो. दरवर्षी गणपतीला आम्ही रत्नागिरीकडे गावी दहा-बारा दिवस जातो. मुलगा बंगळुरूहून सांगतो, डिजिटल लॉक लाव. मिस्टर म्हणतात, आणखी एक मोठं कुलूप घेऊ. सोसायटीत सीसीटीव्हीसाठी घरटी साडेचार हजारांचा ठराव आलाय. आमच्या हातात पंधरा-वीस हजार आहेत. ते नेमके कशात घालावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. कुलूप शाबूत, कोयंडा निघालेला. घरफोडीची कुठलीही बातमी काढून वाचा, त्यात ‘कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला’ हे शब्द अनेकदा दिसतात. चोर कुलपाशी झटापट करत बसत नाही. कुलूप ज्याला अडकवलंय तेच तो उपटतो. म्हणून मिस्टरांचं मोठं कुलूप आत्ता नको. सात लिव्हरच्या जागी दहा लिव्हर आले की बनावट किल्लीने कुलूप उघडणं अवघड होतं, पण कोयंडा उपटायला लागणारा जोर तेवढाच राहतो.

हे नेमकं कसं होतं ते आधी बघा, म्हणजे सुताराशी बोलताना तुम्हालाच कळेल काय मागायचं. संध्याकाळी दाराबाहेर उभं राहून कोयंड्यावर टॉर्च मारा. जुन्या इमारतींत तो बहुधा चार स्क्रूंवर असतो, आणि ते स्क्रू पाऊण ते एक इंच लांबीचे. तीस वर्षं कडी आपटून स्क्रूभोवतीचं लाकूड भुसभुशीत झालेलं असतं. एखादा स्क्रू बोटाने हलतोही. आता दोन फुटी कटावणी घ्या. तिचं वाकडं टोक दोन इंचांचं धरलं तर हाताच्या जोराला जवळपास बारापट बळ मिळतं. वीस किलोचा रेटा दिला की कोयंड्याखाली अडीचशे किलोच्या आसपास ओढ बसते. चार आखूड स्क्रू कुजक्या लाकडातून निघायला एक-दोन हिसके पुरतात. आवाज होतो तो एखादं फर्निचर सरकवल्याएवढा. दुपारी तीनला जिन्यात तेवढ्या आवाजाने कोणी दार उघडून बघत नाही.

बाहेर लटकणाऱ्या कुलपाचा दुसरा तोटा त्याहून मोठा आहे. खालून वर येणाऱ्या कुणालाही ते न बोलता सांगतं की घरात कोणी नाही. बारा दारांपैकी कुठल्या दाराशी वेळ घालवायचा हे ठरवणं चोराला एवढं सोपं करून द्यायला नको.

तेव्हा पहिलं काम: मुख्य दाराचा बाहेरचा कडी-कोयंडा काढून टाका. सुतार ज्याला आल्ड्रॉप म्हणतात तो मोठा अडसर बाहेरून असेल तर तोही. त्यांच्या जागी असं कुलूप बसवा की जे दाराच्या आत राहील, बाहेरून फक्त किल्लीचं भोक दिसेल आणि घरात माणूस असो-नसो, दार बाहेरून सारखंच दिसेल.

इथे दुकानात दोन प्रकार दाखवतील. एक मोर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत खाच पाडून आत बसणारं, हँडलसकट. दुसरं दाराच्या आतल्या अंगाला पेटीसारखं बसणारं, ज्याला बहुतेक जण सरसकट ‘लॅच’ म्हणतात. कुठलं घ्यायचं हे दाराच्या जाडीवर ठरवा. दार उघडून कडेला पट्टी लावून मोजा. १९९१ च्या इमारतीत ते ३० मिमी भरण्याची शक्यता बरीच आहे. ३० मिमीच्या दारात मोर्टिससाठी १५-१६ मिमीची खाच पाडली की दोन्ही बाजूंना जेमतेम सात-सात मिमी लाकूड उरतं, आणि ते नेमकं जिथे कटावणी लागणार तिथे. महागडं कुलूप बसवून दार कमजोर केल्यासारखं होतं ते. दार ३५ मिमी किंवा जास्त आणि आतून भरीव असेल तरच मोर्टिस. नाही तर आतून बसणारं पेटीचं कुलूप, तेही दोन किंवा तीन दांड्यांचं. बोटाच्या पेराने दारावर वरपासून खालपर्यंत टकटक करून पाहा. पोकळ आवाज आला तर कुलपाआधी दार बदलायला हवं. भरीव फ्लश दारांसाठी आयएस २२०२ हे मानक आहे. दुकानदाराला तोच शिक्का दाखवायला सांगा.

विकत घेताना आणखी एक गोष्ट दुकानातच करून पाहायची. किल्ली फिरवून दांडा बाहेर काढा आणि अंगठ्याने आत ढकला. आत गेला तर ती स्प्रिंगची जीभ आहे. दार ओढल्यावर आपोआप ‘खट’ करून लागते ती हीच, आणि पातळ प्लास्टिकच्या पट्टीनेही ती मागे सरकवता येते. ढकलूनही हलत नाही तो खरा दांडा, डेडबोल्ट. तो २० ते २५ मिमी बाहेर यायला हवा. पुष्कळ कुलपांत दोन्ही असतात, आणि नेमकी चूक इथेच होते. खाली दूध आणायला जाताना आपण दार नुसतं ओढून घेतो. तेव्हा फक्त जीभ लागते. किल्लीचे दोन्ही फेरे फिरवल्याशिवाय डेडबोल्ट बाहेर येत नाही. तुमच्या गल्लीतले फ्लॅट भरदुपारी फुटले आहेत, त्यामुळे पाच मिनिटांसाठी गेलात तरी दोन फेरे. एवढी एक सवय दोघांनी लावून घ्या, तिला पैसेही पडत नाहीत.

कुलपाचं सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात जाते तो नळीसारखा भाग, दाराच्या पृष्ठभागाबाहेर दोन-तीन मिमीपेक्षा जास्त डोकावत असेल तर ते पकडीत धरून मोडता येतं. म्हणून दाराची जाडी मोजून त्या मापाचंच सिलिंडर घ्या आणि बाहेरून स्टीलची गोल चकती बसवून घ्या.

आता चौकट. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. कुलूप कितीही उत्तम असलं तरी त्याचा दांडा जाऊन बसतो चौकटीतल्या एका पत्र्याच्या पट्टीत. कुलपाच्या डब्यात मिळणारी पट्टी बहुधा एक मिमी जाडीची असते आणि तिच्यासोबत पाऊण इंची दोन स्क्रू येतात. चौकटीच्या कडेपासून बोटभर अंतरावर ते मारले जातात. दाराला जोरात खांदा दिला की कुलूप धड राहतं, दार धड राहतं, आणि चौकटीचं लाकूड रेषेत उभं चिरतं. सुताराला सांगा, तीन मिमी जाडीची, दोन फूट लांब लोखंडी पट्टी आण, दांड्यांच्या मापाने भोकं पाड आणि चौकटीच्या आतल्या अंगाला सहा ते आठ स्क्रूंनी बसव. स्क्रू तीन इंची. साधारण चौकट अडीच इंच जाडीची असते, त्यामुळे तीन इंची स्क्रू चौकट ओलांडून भिंतीत शिरतो. तिथे भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लगसाठी आधी भोक पाडायला हवं, नाही तर स्क्रू नुसता गिलाव्यात फिरत राहतो. सुतार घाईत ही पायरी गाळतात, म्हणून उभं राहून बघा. पेटीचं कुलूप स्वतः दारावर बसवताना निदान दोन जागी स्क्रूऐवजी आरपार बोल्ट हवेत. बाहेरच्या बाजूला गुळगुळीत घुमटाकार डोकं, आतल्या बाजूला वॉशर आणि नट. आरपार बोल्ट लाकडातून उपटता येत नाही, तो निघायचा तर दाराचा तुकडा घेऊनच निघेल.

बिजागऱ्याही पाहून घ्या. मुख्य दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या आत असतात, काळजी नाही. फक्त त्यांचे आखूड स्क्रू बदलून अडीच इंची करा. दाराच्या अंगात मात्र दाराच्या जाडीएवढेच, चौकटीच्या अंगात लांब. पण बाहेरचा जाळीचा दरवाजा, ज्याला आपण सेफ्टी डोअर म्हणतो, तो बाहेर उघडतो आणि त्याच्या बिजागऱ्या जिन्याच्या बाजूला उघड्या असतात. पिन वर ठोकली की दार कुलपाच्या उलट बाजूने निघतं. वेल्डिंगवाल्याकडून पिनेच्या दोन्ही टोकांना एकेक टाका मारून घ्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

सेफ्टी डोअर नसेल तर डेडबोल्ट, चौकट आणि पुढे सांगितलेली बाल्कनी-बाथरूमची कामं झाल्यावर उरलेले पैसे त्यात घाला. चौकटीची पेटी-नळी १६ गेजची म्हणजे सुमारे १.६ मिमी जाडीची घ्या. स्वस्तात देतात ती २० गेजची, जेमतेम ०.९ मिमी, आणि रंग लागल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून रंगाआधी कापलेलं टोक पाहायला मागा. कुलपाच्या चहूबाजूंना दोन फुटांपर्यंत जाळीऐवजी सलग पत्रा हवा, नाही तर जाळीतून तार किंवा हात घालून आतली कडी काढता येते. आणि दाराची चौकट भिंतीत प्रत्येक बाजूला निदान तीन जागी, विटांत खाच करून सिमेंटमध्ये बसवायला सांगा. विटेच्या कडेला नुसतं फास्टनर ठोकलं की वीट फुटते आणि सगळा दरवाजा दोन बोटं हलू लागतो.

मुलाच्या डिजिटल लॉकबद्दल. ते वाईट नाही, पण तुमच्या क्रमात ते बरंच खाली येतं. बहुतेक मॉडेलना किमान ३५ मिमी जाडीचं दार लागतं आणि आतला दांडा शेवटी साध्या कुलपासारखाच असतो. चौकट कच्ची असेल तर अंगठ्याचा ठसा ओळखणारं कुलूपही त्याच हिसक्यात निघेल. त्याचा खरा फायदा किल्ली विसरणाऱ्या माणसाला आणि किल्ली पायपुसण्याखाली, मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या रॅकमध्ये ठेवणाऱ्या घराला. त्या तिन्ही जागा चोर दाराला हात लावायच्या आधी चाचपतो. तुमच्याकडे अशी किल्ली असेल तर आजच उचला. मुलाचा आग्रहच असेल तर दार आणि चौकट झाल्यावर, स्वतंत्र डेडबोल्ट असलेलं आणि साधी किल्लीही चालणारं मॉडेल घ्या. सेल संपत आल्याची सूचना आली की त्याच दिवशी बदला.

दार झालं की स्वयंपाकघरामागची बाल्कनी. दुसरा मजला म्हणून तुम्ही निर्धास्त असाल तर खाली उतरून इमारतीच्या मागच्या बाजूला जा आणि वर बघा. ड्रेनेजचे पाइप, त्यांना धरणारे क्लॅम्प, खिडकीवरचे छज्जे, एसीच्या बाहेरच्या युनिटचा स्टँड. सराईत माणसाला ती शिडीच. वरून उतरणं त्याहून सोपं, म्हणून तुमच्या इमारतीत सगळ्यात जास्त धोका तिसऱ्या मजल्याला, तोही गच्चीचं दार उघडं राहत असेल तर. तुमच्याकडे पाहायचं ते असं: बाल्कनीचं दार बहुधा हलक्या प्लास्टिकचं आणि एका टॉवर बोल्टवर, म्हणजे सरकवायच्या कडीवर असतं. तिथे वर आणि खाली दोन बोल्ट हवेत, खालचा जमिनीत दीड इंच तरी जाणारा.

सरकत्या खिडकीची चटकनी बाहेरून पट्टी घालून सरकते, किंवा काचेची चौकट अख्खी वर उचलून रुळातून काढता येते. त्यावर स्वस्त उपाय आहे. खालच्या रुळात मावेल अशी लाकडाची पट्टी खिडकीच्या मोकळ्या लांबीएवढी कापून आडवी ठेवा, म्हणजे सरकणार नाही. आणि वरच्या रुळात दोन स्क्रू असे मारा की डोकं थोडं खाली राहील, म्हणजे उचलली जाणार नाही. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या तर एकेक करून ओढून काढता येतात, तिथे आतून ग्रिलच हवं. ग्रिलची सळई चार सुती, दोन सळयांमधलं अंतर चार ते पाच इंच. विरळ बसवलेल्या सुबक नक्षीतून सडपातळ मुलगा आत जातो आणि दार आतून उघडतो. मात्र निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा आणि तिची किल्ली खिडकीपासून हातभर लांब पण दोघांना अंधारात सापडेल अशा खिळ्यावर टांगा. आग लागली तर तुम्हाला बाहेर पडता आलं पाहिजे. चोराच्या भीतीने घराचा पिंजरा करून ठेवू नका.

सोसायटीचा ठराव. बारा घरं, साडेचार हजार, म्हणजे चोपन्न हजार रुपये. कॅमेरे घ्याच, पण ही सगळी रक्कम कॅमेऱ्यांत जाऊ देऊ नका. कॅमेरा चोरी थांबवत नाही, झाल्यावर माग काढायला मदत करतो, आणि तीही चेहरा दिसला तर. दोन मेगापिक्सलच्या, २.८ मिमी भिंगाच्या साध्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखू येण्याइतका स्पष्ट दिसतो तो सुमारे तीन मीटरपर्यंतच. म्हणून गेटच्या खांबावर पंधरा फूट उंच बसवलेल्या कॅमेऱ्यात टोप्या आणि डोकी दिसतात, माणूस दिसत नाही. जिन्याच्या पहिल्या वळणावर, सात ते आठ फूट उंचीवर, वर चढणाऱ्याचा चेहरा समोर येईल असा एक कॅमेरा तुमच्या इमारतीत सगळ्यात कामाचा. दुसरा प्रवेशद्वाराला, आतून बाहेर बघणारा. दुपारी मागून उजेड येऊन चेहरा काळा पडतो, म्हणून त्याला डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि सावली दोन्हीतलं नीट टिपण्याची सोय असलेलं मॉडेल. तिसरा पार्किंगला, चौथा गच्चीच्या दाराला. चार पुरे. कुणाच्या घराचं दार उघडल्यावर आतलं दिसेल असा कोन मात्र नको. त्यावरून सोसायट्यांत कायमची भांडणं होतात.

साठवणीचा हिशोब ठराव करण्याआधीच विचारा. एका कॅमेऱ्याचं चित्रण दोन एमबीपीएसने (सेकंदाला दोन मेगाबिट) धरलं तर दिवसाला साधारण २२ जीबी होतात, चार कॅमेऱ्यांचे ८६. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. तुम्ही गावी बारा दिवस! परत येऊन चोरी लक्षात येईपर्यंत पहिल्या दिवसांचं चित्रण गेलेलं असेल. म्हणून डिस्क किमान दोन टीबी. रेकॉर्डर जिन्याखाली उघड्यावर नको, चोर तोही घेऊन जातो. कुलूपबंद पेटीत, छोट्या यूपीएससकट, आणि मूळ पासवर्ड बदलून. महिन्यातून एकदा कोणीतरी रेकॉर्डरवरची तारीख-वेळ घड्याळाशी ताडून पाहायला हवी. पाऊण तास पुढे-मागे असलेली वेळ तपासात गोंधळ घालते.

उरलेल्या पैशांत गच्चीच्या दाराला आतून बंद होणारं लोखंडी दार, मागच्या बाजूला माणूस आला की लागणारे दोन दिवे, आणि पाइपांभोवती आठ फुटांवर काटेरी तारेचं कडं. गच्चीची एक किल्ली जिन्यातच काचेच्या छोट्या पेटीत राहू द्या. आगीच्या वेळी ती शोधायला सेक्रेटरीच्या घरी जावं लागू नये.

आणि एक काम बाराही घरांनी मिळून करायचं, ज्याला जवळजवळ खर्च नाही. घर फोडताना चोर आधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आवाज ऐकून कोणी बाहेर येऊ शकत नाही. प्रत्येक दाराची बाहेरची कडी काढून टाकली की हा डाव संपतो. तुमच्या एकट्याच्या दाराची काढून उपयोग अर्धाच, समोरच्यांचीही निघायला हवी. सोसायटीच्या सभेत कॅमेऱ्यांआधी हा विषय घ्या.

आता गणपतीचे दिवस. बंद घर दिसतं ते कुलपावरून, आणि मग दारावरून. दाराशी पडलेले पेपर, दाराच्या कडीला लटकणारी दुधाची पिशवी, चार दिवस तीच पुसट रांगोळी, भरदिवसा जळणारा बाल्कनीतला दिवा. पेपर आणि दूध निघायच्या आदल्या दिवसापासून बंद करा. शेजारच्यांना सांगा की दाराशी चिकटवलेली पत्रकं, ठेवलेली पार्सलं रोज उचला. एक-दोन जोडी चपला बाहेर राहू द्या. दिव्याला टायमरचा प्लग लावून दिवाणखान्यातला दिवा संध्याकाळी सातला लागेल आणि साडेदहाला विझेल असं करा, रात्रभर जळणारा दिवा उलट सांगतो की घर रिकामं आहे. गाडी खाली असेल तर तिच्यावर धूळ बसू देऊ नका. प्रवासाचे आणि गावच्या आरतीचे फोटो परत आल्यावर टाका. आणि तुमच्या हद्दीच्या पोलीस चौकीत जाऊन पत्ता, तारखा आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर लिहून द्या, म्हणजे गस्तीवरच्या बीट मार्शलला बंद घर माहीत असतं. गणपती-दिवाळीत तर पोलीस स्वतःच तसं आवाहन करतात.

घरकामाच्या बाईंबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी एक सांगावंसं वाटतं. चोरी झाली की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं, आणि वर्षानुवर्षं इमानाने काम करणाऱ्या बाईला त्याची झळ बसते. दागिने कुठे असतात, कपाटाची किल्ली कुठे असते हे कुणासमोरच उघड होऊ न देणं, सुतारासमोरही आणि पाहुण्यांसमोरही, ही आपली जबाबदारी. सुट्टीच्या तारखा मात्र त्यांना सांगाव्याच लागतील, आणि त्यात काही चूक नाही.

सोनं. गौरींसाठी दागिने लॉकरमधून काढायचे असतील तर खरी जोखीम तिथे आहे. सण होतो, आपण दमतो, आणि दागिने आठवडेच्या आठवडे कपाटातल्या साड्यांखाली राहतात. काढायचेच असतील तर कमीत कमी, आणि परतल्यावर बँक उघडेल त्या पहिल्या दिवशी परत. कपाटाचा चोरकप्पा, तांदळाचा डबा, देव्हाऱ्यामागची जागा, गादीखाली या जागा सगळ्यांना ठाऊक आहेत. लॉकरबद्दल लोकांच्या मनात शंका असते, म्हणून नियम सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेत आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाखांपर्यंत. म्हणजे दहा लाखांच्या सोन्याला ते पुरेसं नाही, पण कपाटापेक्षा फार चांगलं.

दागिन्यांची एक वही आजच करा. प्रत्येक नगाचा फोटो खाली पट्टी ठेवून, वजन, पावती, आणि हॉलमार्क असेल तर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. नव्या दागिन्यांवर तो आतल्या बाजूला बारीक कोरलेला असतो, भिंगातून दिसतो, आणि बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पोलिसांना ‘मंगळसूत्र, अंदाजे तीन तोळे’ सांगण्यात आणि हा आकडा देण्यात फार फरक पडतो. मोबाइलचे आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचे स्वतःचे ओळख क्रमांकही त्यात लिहा (फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतात). वहीचे फोटो मुलाकडे पाठवून ठेवा, घरातली वही घरासोबतच जाऊ शकते.

विम्यात एक फसगत होते. घरासाठी विकली जाणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. तिच्यात चोरी येते ती अशा संकटानंतर सात दिवसांत, त्याच संकटामुळे झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते घेताना दोन अटी वाचा: दार फोडून शिरल्याची खूण लागते का, आणि घर सलग किती दिवस बंद राहिलं तर दावा नाकारतात.

परत येताना जिन्यातूनच दार पाहा. ते किंचित उघडं दिसलं, चौकटीवर ताजे ओरखडे दिसले, तर आत जाऊ नका. माणूस आत असू शकतो, आणि अंगावर जाऊन काही वाचत नाही. खाली या, ११२ लावा. हँडल, कपाट, विखुरलेले डबे यांना हात न लावता ठसेतज्ज्ञांची वाट पाहा. आवरून ठेवण्याची ओढ फार असते, ती आवरा. फिर्यादीत कडी-कोयंडा किंवा कुलूप तोडल्याचं स्पष्ट लिहून घ्या. भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातली चोरी कलम ३०५ मध्ये आणि घरफोडी कलम ३३१ मध्ये येते. घर शेवटचं कधी नीट पाहिलं आणि उघडं कधी दिसलं या दोन्ही वेळा सांगा, कारण सूर्यास्तानंतरच्या घरफोडीला शिक्षा जास्त आहे. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. त्याच दिवशी सोसायटीचं चित्रण पेन ड्राइव्हवर काढून घ्या, चेकबुक गेलं असेल तर बँकेला कळवा आणि किल्ल्यांचा जुडगा सापडत नसेल तर सगळी सिलिंडरं बदला.

घरात असताना दुपारी बेल वाजली तर दुर्लक्ष करू नका. बेल वाजवून उत्तर येतं का हे पाहणं हीच अनेकदा चाचपणी असते. दार न उघडता आतून ‘कोण आहे?’ एवढं मोठ्याने विचारा. गॅसवाला, मीटरवाला, कुरियर, जो कोणी असेल त्याच्याशी सेफ्टी डोअर बंद ठेवून बोला.

खर्चाचा क्रम असा धरा: आधी डेडबोल्ट आणि चौकटीची पट्टी, मग बाल्कनी आणि बाथरूम, मग सेफ्टी डोअर, आणि उरलं तर बाकीचं. पैसे संपतील तिथे यंदा थांबा, पहिली दोन कामं मात्र गावी जायच्या आत. दाराची जाडी मोजून सुताराला याच आठवड्यात बोलवा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तोही गावी गेलेला असेल.